चालू होते, पण चालू राहत नाही!

एखादी जुनी मोटारसायकल मुळीच सुरू होत नसेल, तर तिचे दुखणे शोधणे त्या मानाने सोपे असते. दोष समोर असतो आणि आपण तपासत बसेपर्यंत तो कुठे पळून जात नाही. खरी डोकेदुखी असते ती दुसऱ्या जातीच्या गाडीची. ही गाडी पहिल्या किकला सुरू होते, चार-पाच किलोमीटर छान धावते, मग धाप टाकत बंद पडते. रस्त्याकडेला दहा मिनिटे उभी केली, की काही झालेच नाही अशा थाटात पुन्हा सुरू होते! गॅरेजमध्ये नेली तर ती शहाण्या मुलासारखी वागते, आणि मिस्त्री आपल्याकडेच संशयाने पाहू लागतो.

अशी एक गाडी मी फार जवळून पाहिली आहे. गोष्ट १९८४ सालची. मी तेव्हा नववीत होतो आणि आम्ही वाईला राहत होतो. शेजारी तात्या राहत. ते निवृत्त हेडमास्तर, स्वभावाने शिस्तीचे. त्यांच्याकडे साडेतीनशे सीसीची, आधी दोन हात फिरलेली एक मोटारसायकल होती. दर रविवारी तात्या ती धूत, मेण लावून टाकी आरशासारखी चकचकीत करत, आणि आठवड्यातून एकदा तिच्यावरून साताऱ्याला लेकीकडे जात.

त्या पावसाळ्यानंतर गाडीने हे नवे सोंग काढले. वाईत पेट्रोल भरून निघाले, की पाचवड यायच्या आतच ती बंद पडे. तात्या झाडाखाली बसून पिशवीतला अडकित्ता काढत आणि सुपारी कातरून खात. सुपारी संपेतो गाडी सुरू! मग आणखी काही किलोमीटर, पुन्हा तेच. गंमत म्हणजे टाकी अर्ध्यावर आली की गाडीची काही तक्रार नसे. पुन्हा टाकी भरली की पुन्हा सुपारी.

तात्यांनी नवा प्लग घातला. नवी कॉइल बसवली. कार्बोरेटर दोनदा साफ करून घेतला. पैसे गेले, फरक पडला नाही. शेवटी त्यांनी निष्कर्ष काढला, की पंपवाला पेट्रोलमध्ये पाणी घालतो. नाहीतर पेट्रोल भरल्यावरच गाडी का बंद पडावी? तर्क वरवर बिनतोड वाटतो ना? त्यांनी पंपवाल्याविरुद्ध मामलेदाराला द्यायचा अर्जही लिहून तयार ठेवला होता. हेडमास्तरांचा अर्ज म्हणजे काही साधी गोष्ट नव्हे. गावात त्यांच्या शब्दाला वजन होते, पंपवाल्याचे नाव कायमचे बद्द झाले असते.

अर्ज टपालात पडण्याआधी तात्यांनी साताऱ्यातल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीला गाडी दाखवली, म्हणून बरे. त्या वेळी मी मागे बसून गेलो होतो. मिस्त्रीने पाना हातात घेतलाच नाही. त्याने नुसते प्रश्न विचारले. गाडी किती वेळाने बंद पडते? एकदम बंद पडते की धाप टाकत? परत सुरू व्हायला किती वेळ लागतो? आणि हे सगळं सुरू व्हायच्या आधी गाडीला नवीन काय बसवलं होतं?

तात्यांनी खिशातून छोटी वही काढली. तारीख, किलोमीटर, टाकीत पेट्रोल किती, सारे टिपलेले होते. मिस्त्रीने ती वाचून घेतली आणि तो हसला. त्याला काय उमगले ते सांगण्यापूर्वी, मित्रांनो, आपण इंजिनाच्या आत एक फेरी मारून येऊ. म्हणजे कदाचित तुम्हीच ते ओळखाल.

पेट्रोल इंजिनाला चालत राहायला तीन गोष्टी लागतात. हवा आणि पेट्रोल यांचे योग्य प्रमाणातले मिश्रण, ते मिश्रण दाबून ठेवणारे घट्ट सिलिंडर आणि नेमक्या क्षणी पडणारी ठिणगी. यातले सिलिंडर सहसा दहा मिनिटांत बिघडून दहा मिनिटांत बरे होत नाही. झिजलेली गाडी धूर सोडते, चढावर दम टाकते, पण सुपारी खाल्ल्याने तिची झीज भरून येत नाही! तेव्हा संशयित दोनच उरतात: पेट्रोल आणि ठिणगी.

आधी पेट्रोलचा हिशेब करू. १ ग्रॅम पेट्रोल नीट जळायला सुमारे १५ ग्रॅम हवा लागते. १ लिटर पेट्रोलचे वजन साधारण ७५० ग्रॅम, म्हणजे त्याला ११ किलोग्रॅमहून अधिक हवा हवी. १ लिटर हवेचे वजन अवघे १.२ ग्रॅमच्या आसपास असते. भागाकार करून पाहा, १ लिटर पेट्रोलसाठी सुमारे नऊ हजार लिटर हवा! मोटारसायकल पेट्रोलवर चालते असे आपण म्हणतो, पण ती गिळते मुख्यतः हवा.

आता एका घोटात किती? जुन्या साडेतीनशे सीसी बुलेटचे उदाहरण घेऊ. सिलिंडरचा आतला व्यास ७० मिलिमीटर आणि दट्ट्याची धाव ९० मिलिमीटर. या आकड्यांवरून घनफळ ३४६ घनसेंटिमीटर येते की नाही ते वहीत करून पाहा. अशी गाडी ताशी ५० किलोमीटर वेगाने जात असेल आणि लिटरला ३५ किलोमीटर देत असेल, तर तिला मिनिटाला सुमारे २४ मिलिलिटर पेट्रोल लागते. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर चार धावांच्या इंजिनात दर दोन फेऱ्यांना एकदा, म्हणजे १५०० वेळा घोट घेतला जातो. एका घोटाला पेट्रोल आले ०.०१६ मिलिलिटर. पाण्याचा साधा थेंब ०.०५ मिलिलिटरचा धरला, तर हा त्याचा जेमतेम तिसरा हिस्सा! थेंबाच्या तिसऱ्या हिश्शाचे हे माप सेकंदाला पंचवीस वेळा चुकता कामा नये.

हे माप घालून देण्याचे काम कार्बोरेटरचे. त्याच्या पोटात एक अरुंद गळा असतो. इंजिनाने हवा ओढली, की या गळ्यातून ती जोराने जाते आणि तिचा दाब उतरतो. खालच्या वाटीतल्या पेट्रोलवर मात्र बाहेरच्या हवेचा पूर्ण दाब असतो. दाबातल्या या फरकामुळे पेट्रोल बारीक छिद्रातून, म्हणजे जेटमधून, वर उडते आणि हवेत मिसळते. वाटीत पेट्रोलची पातळी कायम राहावी म्हणून तिच्यात एक तरंगा असतो. घरच्या पाण्याच्या टाकीत गोळ्याचा नळ असतो ना, अगदी तसाच. पातळी खाली गेली की तरंगा उतरतो, सुईसारखी झडप उघडते आणि टाकीतले पेट्रोल आत येते.

आणि टाकीतून ते खाली येते कशाने? जुन्या मोटारसायकलींना पेट्रोलचा पंप नसतो. टाकी वर, कार्बोरेटर खाली, आणि मधे एक कॉक व एक नळी. पेट्रोल आपल्या वजनाने उतरते, एवढीच सारी योजना. साधी, स्वस्त आणि बहुधा बिनतक्रार.

पण जरा किराणा दुकानातला तेलाचा पत्र्याचा डबा आठवा. दुकानदार त्याला भोके किती पाडतो? दोन. एकातून तेल येते, दुसऱ्यातून हवा आत जाते. भोक एकच पाडले तर तेल थोडेसे येते, गचके खाते आणि थांबते. टाकीतून पेट्रोल बाहेर गेले की तेवढीच हवा आत यायला हवी. त्यासाठी टाकीच्या झाकणात, सहज दिसणार नाही असे, आडवळणाने जाणारे एक बारीक छिद्र असते.

ते छिद्र बुजले तर किती पेट्रोल गेल्यावर प्रवाह थांबेल? इथे शाळेत शिकलेली एक गोष्ट उपयोगी पडते. वातावरणाचा दाब ७६ सेंटिमीटर उंच पाऱ्याचा स्तंभ तोलून धरतो. पारा पाण्याच्या १३.६ पट जड, म्हणून तोच दाब सुमारे १०३३ सेंटिमीटर पाणी तोलतो. पेट्रोल पाण्याहून हलके, म्हणून ते तोलले जाईल सुमारे १३७८ सेंटिमीटर. म्हणजे जवळजवळ १४ मीटर, चार मजली घराइतके! आणि भरलेल्या टाकीतली पेट्रोलची पातळी कार्बोरेटरपासून किती उंच असते? फार तर २० सेंटिमीटर. १३७८ च्या पुढे २० म्हणजे एक-एकोणसत्तरांश.

म्हणजेच टाकीत कोंडलेल्या हवेचा दाब अवघा दीड टक्का उतरला, की वीस सेंटिमीटर पेट्रोलचे सारे वजन निष्फळ ठरते. बॉइलचा नियम आठवा. हवेचा दाब दीड टक्का उतरायला तिचे आकारमान दीड टक्का वाढले की पुरे. टाकी काठोकाठ भरली असेल आणि वर एकच लिटर हवा असेल, तर १५ मिलिलिटर पेट्रोल बाहेर गेले की झाले. १५ मिलिलिटर म्हणजे चहाचे तीन चमचे!

प्रत्यक्षात आकडा याहून बराच मोठा निघतो, कारण टाकीत नुसती हवा नसते. पेट्रोलची वाफही असते आणि जागा वाढली की नवी वाफ तयार होऊन दाब सावरू पाहते. कुठून तरी थोडी हवाही झिरपत असते. शिवाय कार्बोरेटरच्या वाटीतले पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालत राहते. म्हणून गाडी फाटकाबाहेर न थांबता चार-पाच किलोमीटरवर थांबते.

आता टाकी अर्धी रिकामी झाली असे समजा. वर एकऐवजी सात लिटर हवा. तीच वाढ आता सात लिटरांत विभागली जाते, म्हणून दाब कितीतरी सावकाश उतरतो. मधल्या काळात झिरपणारी हवा तेवढी तूट भरून काढते. गाडी थांबतच नाही.

ओळखलेत ना? टाकी भरल्यावरच गाडी का बंद पडे, याचे उत्तर पंपावर नव्हते, टाकीच्या रिकाम्या जागेत होते. तात्यांच्या वहीतले आकडे तेच सांगत होते. तात्यांनी ते प्रामाणिकपणे टिपले होते, पण "पेट्रोल भरले" एवढेच त्यांनी वाचले. "हवा कमी झाली" हे त्यांना दिसले नाही. आपणा सर्वांचेच असे होते म्हणा. जे घातले ते लक्षात राहते, जे गेले ते नाही.

वहीच्या पहिल्या पानावर आणखी एक नोंद होती: "झाकणाचा रबरी वॉशर बदलला." जुना वॉशर तडकला होता, त्यातून पेट्रोल उडून टाकीवर डाग पडत, म्हणून तात्यांनी नवा बसवला होता. झाकणाचे छिद्र त्याआधी कित्येक महिने बुजत आलेले असावे. दर रविवारचे मेण आणि रस्त्याची धूळ त्यात साचत गेली होती. पण तडकलेल्या वॉशरमधून हवा आत जात असल्यामुळे कुणाला पत्ता लागला नाही. नवा वॉशर घट्ट बसला आणि आत जाणाऱ्या हवेचा तो चोरदरवाजा बंद झाला.

मिस्त्रीने तरीही आपले म्हणणे तपासून पाहिले, हे मला आज फार महत्त्वाचे वाटते. त्याने टाकी भरायला लावली आणि गाडी बंद पडेपर्यंत स्वतः चालवली. बंद पडताच झाकण सैल केले. "सुस्स" असा हवा आत शिरल्याचा आवाज मीही ऐकला. झाकण लावून किक मारली, दोन-तीन किकांत इंजिन धडधडू लागले. सुपारी खाण्याइतका वेळ थांबावे लागले नाही. मग त्याने एक शिवणाची सुई मागवली, झाकण टाकीपासून दूर नेऊन त्यातले छिद्र मोकळे केले आणि पुन्हा चालवून पाहिले. या वेळी गाडी थांबली नाही. त्याने बदललेली गोष्ट एकच होती. तात्यांनी प्लग, कॉइल, कार्बोरेटर अशा तीन गोष्टी एकामागून एक बदलल्या होत्या. जरी गाडी सुधारली असती, तरी कशामुळे ते त्यांना सांगता आले नसते.

हा प्रयोग तुम्ही पाण्यावर करा, पेट्रोलवर मुळीच नको. प्लॅस्टिकच्या जाडसर बाटलीला तळाजवळ खिळ्याने एक भोक पाडा, बाटली भरून झाकण घट्ट लावा. पाणी थोडे येऊन थांबेल. त्याआधी बाटलीच्या भिंती किंचित आत ओढल्या जातील, त्याही नीट पाहा. बाटली एकदा काठोकाठ आणि एकदा अर्धी भरून पाणी किती बाहेर आले ते मोजा. तात्यांची वही तुमच्या वहीत उतरेल.

मात्र बंद पडणारी प्रत्येक गाडी झाकणामुळेच बंद पडते असे समजू नका. दुसरा संशयित, ठिणगी, अजून बाकी आहे.

पेट्रोल अपुरे पडले की इंजिन धाप टाकते, गचके खाते, क्षणभर सावरते आणि मग थांबते. अशा वेळी चोक ओढला तर थोडी धुगधुगी येते, कारण हवा कमी होऊन उरलेले पेट्रोल दाट होते. ठिणगी गेली की मात्र चावी फिरवल्यासारखे इंजिन तडक बंद होते. हा फरक कानाने कळतो. मिस्त्रीचा "एकदम की धाप टाकत?" हा प्रश्न त्यासाठीच होता.

जुन्या गाडीत ठिणगी कशी तयार होते? बॅटरीचा ६ किंवा १२ व्होल्टचा प्रवाह कॉइलच्या जाड तारेतून फिरतो आणि तिच्याभोवती चुंबकीय क्षेत्र उभे करतो. योग्य क्षणी पॉइंट उघडतात, प्रवाह तुटतो, क्षेत्र कोसळते. मायकेल फॅरेडेने १८३१ साली दाखवून दिल्याप्रमाणे, बदलते चुंबकीय क्षेत्र शेजारच्या तारेत विद्युतदाब निर्माण करते. शेजारच्या बारीक तारेचे वेढे हजारो असल्यामुळे हा दाब दहा हजार व्होल्टच्याही वर जातो आणि प्लगच्या टोकाशी ठिणगी उडते. क्षेत्र जितक्या झटक्यात कोसळेल तितकी ठिणगी जोमदार. पण पॉइंट उघडताना प्रवाह सहजी थांबत नाही, फटीतून ठिणगीच्या रूपाने वाहतच राहू पाहतो. त्याला क्षणभर सामावून घेतो तो कंडेन्सर. कंडेन्सर खराब झाला, तर ठिणगी प्लगऐवजी पॉइंटवरच उडते, पॉइंट काळे पडतात आणि इंजिन फटफट करत राहते.

कॉइल जुनी झाली, की तिचे दुखणे उन्हाळ्यातल्या माणसासारखे होते. थंड असताना ठीक, तापली की मान टाकते. आत तार तुटली असेल तर तापून प्रसरण पावताना टोके दूर जातात. वेष्टण कमजोर असेल तर विजेला आडवाट मिळते. अशी गाडी वीस मिनिटे-अर्धा तास चालून एकदम थांबते आणि कॉइल निवेपर्यंत दाद देत नाही. टाकी भरलेली असो वा अर्धी, तिला काही फरक पडत नाही. हँडल वळवताना गाडी थांबत असेल तर तारेवर संशय घ्या. हँडलच्या मानेशी तारा वर्षानुवर्षे वाकून आतल्या आत तुटतात. इंजिनाबरोबर हॉर्नही मुका झाला, तर बॅटरीकडची मुख्य तार पाहावी.

पेट्रोल की ठिणगी, हे ठरवायला प्लग हा उत्तम साक्षीदार. गाडी बंद पडताच प्लग काढून पाहिला आणि तो कोरडा असेल, तर पेट्रोल पोचत नाही. ओला असेल, तर पेट्रोल आले होते पण पेटले नाही. अर्थात हे काम मिस्त्री किंवा घरचे मोठे माणूस बरोबर असतानाच पाहावे. प्लग तापलेला असतो आणि जवळ पेट्रोल असताना ठिणगी पाडून पाहणे जिवावर बेतू शकते. बंद खोलीत इंजिन कधीच चालू ठेवू नये. त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वास येत नाही, आणि तो माणूस मारतो.

आणखी एक प्रकार असतो. रस्त्यावर गाडी उत्तम, पण चौकात थांबून रेस सोडली की बंद. मंद गतीसाठी कार्बोरेटरमध्ये वेगळा, छोटा जेट असतो. त्याचे छिद्र अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक. गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली की पेट्रोल उडून जाते आणि मागे डिंकासारखा चिकट थर राहतो, तो नेमका इथे बसतो. आज भारतात मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेले असते. २० टक्के मिश्रणाचे पेट्रोल २०२३ पासून बाजारात आले. इथेनॉल हवेतले पाणी शोषते आणि जुन्या रबरी नळ्यांना ते मानवत नाही, म्हणून जुनी गाडी फार दिवस पेट्रोल भरून उभी ठेवू नये. नव्या गाड्यांचे म्हणाल, तर २०२० साली भारत स्टेज-६ चे नियम लागू झाल्यापासून त्यांतून कार्बोरेटर जवळजवळ हद्दपारच झाला आहे. त्यांत पेट्रोलची मापे संगणक काढतो.

तात्यांनी तो अर्ज फाडून टाकला. पंपावर मात्र ते काही बोलले नाहीत. पंपवाल्याला आपल्यावर काय येणार होते याची कल्पनाच नव्हती. पुढच्या खेपेला त्यांनी टाकी गळ्यापर्यंत भरून घेतली, आणि पंपवाल्याने देऊ केलेला चहा पहिल्यांदाच नाही म्हटला नाही.

शिवणाची ती सुई त्यांनी गाडीच्या हत्यारांच्या पेटीत ठेवली होती. ती देताना मिस्त्रीने बजावले होते, "मास्तर, झाकणाला चालेल, जेटला लावू नका." असे का? छिद्रातून जाणारे पेट्रोल छिद्राच्या क्षेत्रफळावर अवलंबून असते आणि क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गावर. ०.४ मिलिमीटरचा जेट सुईने खरवडून ०.५ मिलिमीटरचा झाला, तर पेट्रोल किती टक्क्यांनी वाढेल? झाकणाचे छिद्र मात्र थोडे मोठे झाले तरी इंजिनाला त्याचा पत्ताही लागत नाही.